जुनी तिपाई घ्यावी काय?

घरातील छायाचित्रांचा संग्रह काढून पाहिला, तर एक गोष्ट बहुधा नजरेस येते. सहलींची, मुंजी-लग्नांची, दिवाळीची चित्रे विपुल असतात; परंतु ती ज्यांनी टिपली ते गृहस्थ, किंवा त्या गृहिणी, त्यांत अभावानेच आढळतात. पंचवीस वर्षांनी नातवंडे तो संग्रह चाळू लागतील, तेव्हा ही उणीव कोणत्याही खुलाशाने भरून निघावयाची नाही. उपाय मात्र साधा आहे. कॅमेरा अथवा मोबाइल तीन पायांवर उभा करावा, टायमर लावावा आणि आपणही जाऊन सर्वांच्या रांगेत उभे राहावे.

तिपाई, म्हणजेच ट्रायपॉड, हवी हे एकदा ठरले की नवी घ्यावी की जुनी हा प्रश्न येतो. स्वस्तातल्या नव्या तिपाया पाहून पुष्कळांचा हिरमोड होतो. पाय पुरते लांब केले की वाऱ्याच्या झुळकेनेही त्या थरथरतात. मग मुंबईच्या बोरा बाजारात, दिल्लीच्या चांदणी चौकातील कूचा चौधरीत किंवा कोलकात्याच्या मेट्रो गल्लीत एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात उभी असलेली धातूची जुनी, भक्कम तिपाई मोहात पाडते. या मोहास सरसकट मोडता घालावा असे आम्हांस वाटत नाही. कॅमेरा जुना होतो, त्याची फिल्म मिळेनाशी होते, त्याची दुरुस्ती करणारा सापडत नाही. तिपाईचे तसे नाही. कॅमेऱ्याच्या बुडाशी जो स्क्रू बसतो तो पाव इंच व्यासाचा असतो आणि त्याला इंचास २० आटे असतात. मोठ्या कॅमेऱ्यांसाठी दुसरे माप आहे, ते ३/८ इंच व्यासाचे आणि इंचास १६ आट्यांचे. आजच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातही हीच दोन मापे कायम आहेत. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, पण आपल्या कॅमेऱ्याचा तळ अद्याप इंचांतच बोलतो! त्यामुळे साठ वर्षांपूर्वीच्या तिपाईवर आजचा कॅमेरा बिनतक्रार बसतो. तिचा स्क्रू मोठ्या मापाचा असला, तर ती ज्या कॅमेऱ्याला जोडायची त्याच्या भोकाचे माप पाहून योग्य ती पितळी बुशी घ्यावी. ती मिळण्यास अडचण पडत नाही. मोबाइलसाठीचे चिमटेही बहुधा याच पाव इंची मापाचे असतात.

येथे एक इशारा दिला पाहिजे. जुन्या वस्तूंच्या दुकानांत जी देखणी लाकडी तिपाई ‘कॅमेऱ्याची’ म्हणून दाखवली जाते, ती कित्येकदा जमीनमोजणीच्या यंत्राची असते. तिच्या माथ्यावरचा स्क्रू ५/८ इंचाचा किंवा त्याहूनही मोठा असतो आणि कॅमेऱ्याशी त्याचे काही जमत नाही. दुसरा प्रकार याहून मौजेचा आहे. रुडकीत १८४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले आणि मोजणीची उपकरणे घडवण्याची परंपरा त्या गावात रुजली. तेथील कारागीर आज शोभेच्या पितळी दुर्बिणी आणि त्यांच्या तिपायाही उत्तम घडवतात. अशा वस्तूंवर लंडनच्या जुन्या कारखान्याचे नाव व एकोणिसाव्या शतकातील साल कोरलेले आढळते. दिवाणखान्यातील दिव्यासाठी ती अवश्य घ्यावी, परंतु त्या सालाचे मोल म्हणून एक रुपयाही जास्त मोजू नये.

मग पाहावे काय? उदाहरणादाखल ‘टिल्टऑल’ ही अमेरिकन तिपाई घेऊ. न्यू जर्सी राज्यातील मार्किओनी बंधूंनी ती घडवली आणि पुढे १९७० च्या दशकात ती लाइट्झ या प्रसिद्ध नावाखाली विकली गेली. तिचे पाय ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे आहेत. प्रत्येक नळी कडे फिरवून आवळायची असते आणि माथा तिच्यातच जोडलेला असतो. यातील जवळजवळ प्रत्येक भाग धातूचा असल्यामुळे एखादी मूठ हरवली, तर गावातील लेथवाला ती बनवून देऊ शकतो. आमच्या मते जुन्या तिपाईची खरी कसोटी ही आहे. पुढील काळात प्लॅस्टिकच्या खटक्यांच्या ज्या तिपाया आल्या, त्यांचा खटका एकदा तडकला की तसाच दुसरा कोठून आणणार? म्हणून वय नव्हे, घडण पाहावी. त्याच वेळी टिल्टऑलचा दोषही सांगितला पाहिजे. तिचे वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरते. घराच्या गच्चीवर हा गुण ठरतो, पण रेल्वेच्या प्रवासात, मूल कडेवर असताना, तो शाप वाटेल.

दुकानात गेल्यावर घाई करू नये. पाय पूर्ण लांब करावेत, सर्व कडी आवळावीत आणि माथ्यावर दोन्ही तळहातांनी हळूहळू भार द्यावा. एखादा पाय सरकत आत गेला, तर आतील पकड झिजलेली आहे असे समजावे. ती दुरुस्त होते, परंतु तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. नंतर माथा धरून पिळून पाहावा. पायांच्या सांध्यांत ढिलाई असेल तर ती येथे उघडी पडते. मोठा स्क्रू आवळून ती गेल्यास उत्तम. न गेल्यास सांध्याचे भोकच मोठे झालेले असते आणि तेथे आम्ही सौदा सोडून द्यावा असे म्हणू. आपला कॅमेरा सोबत न्यावा, तो बसवून पडद्यावरील चित्र मोठे करावे, तिपाईला टिचकी मारावी आणि कंप किती वेळात शमतो ते पाहावे. याहून प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. स्क्रू वाजवीपेक्षा लांब आहे का, हेही येथेच तपासावे. लांब स्क्रू जोराने आवळल्यास कॅमेऱ्याच्या तळाला इजा होते. नळ्यांवरील पांढरट पूड ही ॲल्युमिनियमवर चढलेली जंग असते. ती वरवरची असेल तर चिंता नको, बोटास खड्डे लागले तर मात्र पाय सुरळीत सरकणार नाही. लाकडी तिपाईत पितळी पट्ट्यांजवळच्या चिरा आणि किडीची बारीक छिद्रे पाहावीत. लाकूड निकोप असेल तर धक्के शोषून घेण्यात त्याची बरोबरी पातळ नळ्यांना करता येत नाही.

वेरूळ-अजिंठ्याच्या बेताने तिपाई घेणाऱ्यांनी एवढे जाणून असावे की पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ती लावावयास पूर्वपरवानगी लागते. हातातील कॅमेऱ्याला ही अट नाही. ज्यांचा उपयोग मुख्यतः अशा सहलींपुरता आहे, त्यांनी जुन्याच्या फंदात न पडता हलकी नवी घ्यावी, किंवा मुळीच घेऊ नये.

आणि घेतलीच, तर घरी आणल्यावर पहिल्या रविवारी कडी सोडवून नळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, वाळलेले जुने ग्रीस काढावे आणि नवे अगदी बोटभर लावावे. सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवावेत. हे काम मुलांना सोपवण्यासारखे आहे.