आजारपणावरची करसवलत नेमकी कोणाच्या खिशात जाते?

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना वर्ष संपत आले की कंपनी विचारते, पुढच्या वर्षी पगारातून किती डॉलर आरोग्य खात्यात वळते करायचे? या खात्यात जाणाऱ्या पैशावर कर लागत नाही. डॉक्टरची फी, औषधे, चष्मा, दातांचे उपचार असे खर्च त्यातून भागवता येतात.

अशी मुख्य खाती दोन. पहिले 'एफएसए'. 2026 साठी त्याची मर्यादा 3,400 डॉलर आहे. त्यातला थोडाच भाग पुढच्या वर्षात नेता येतो, तोही कंपनीने मुभा दिली तर. उरलेला पैसा बुडतो आणि नोकरी गेली की खातेही सहसा बंद होते. दुसरे 'एचएसए', 2004 पासूनचे. त्यातला पैसा बुडत नाही, खाते कर्मचाऱ्याचेच राहते, रक्कम गुंतवताही येते. 2026 ची मर्यादा एकट्यासाठी 4,400 आणि कुटुंबासाठी 8,750 डॉलर. अट एवढीच की विमा असा हवा, ज्यात सुरुवातीचा मोठा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो.

ज्यांना ही खाती मिळतात त्यांनी ती जरूर वापरावीत. पण धोरण म्हणून त्यांच्याकडे पाहताना आम्हाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. फायदा कोणाला जास्त होतो?

हिशेब साधा आहे. दोघांनी प्रत्येकी 1,000 डॉलर खात्यात टाकले. फक्त प्राप्तिकर धरला, तर 37 टक्क्यांच्या टप्प्यातल्या अधिकाऱ्याचे 370 डॉलर वाचतात आणि 10 टक्क्यांच्या टप्प्यातल्या कामगाराचे 100. आजार तोच, औषध तेच, पण सरकार जास्त मदत करते ती जास्त कमावणाऱ्याला. ज्याच्याकडे महिनाअखेर काहीच उरत नाही, तो खात्यात टाकणार तरी काय?

आपल्याकडेही वेगळे नाही. जुन्या करप्रणालीत आरोग्य विम्याच्या 25,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्यावर वजावट मिळते. सेस सोडला तर 30 टक्के कर भरणाऱ्याचे त्यातून 7,500 रुपये वाचतात. ज्याला कर लागतच नाही त्याचे शून्य. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही. वस्तीतल्या कंत्राटी सफाई कामगाराला, सिक्युरिटी गार्डला, हाऊसकीपिंगमधल्या ताईला यातले काहीच लागू नाही.

याहून वेगळा मार्ग या देशात आठ दशकांपूर्वीच आखला गेला. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1943 मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला, 1948 मध्ये कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. हीच आपली ईएसआय.

ईएसआयचे तत्त्व उलटे आहे. वर्गणी पगाराप्रमाणे, उपचार गरजेप्रमाणे. 16,000 रुपये पगारावर कामगाराचे 0.75 टक्क्यांनी 120 रुपये कापले जातात आणि मालक 3.25 टक्क्यांनी 520 रुपये भरतो. पण उपचार त्या 640 रुपयांत मोजून मिळत नाहीत. जोडीदार, मुले आणि अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात. अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते, बाळंतपणात 26 आठवड्यांची पगारी रजा.

मग अडते कुठे? पहिली अडचण पगार मर्यादेची. 2017 पासून ती 21,000 रुपयांवर आहे. 22,000 मिळवणारा कामगार ईएसआयच्या बाहेर पडतो आणि कर लागत नसल्याने करसवलतीचाही त्याला उपयोग नाही. दोन्हीकडून तो उघडा पडतो. दुसरी अडचण कंत्राटदारीची. पगारातून पैसे कापायचे आणि भरायचे नाहीत, किंवा मालकाचा हिस्साही कामगाराच्याच माथी मारायचा, हे प्रकार बेकायदा आहेत, तरी चालतात. आजारपणाच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. कंत्राटदार बदलला, मध्ये खंड पडला, की हक्क गेला.

म्हणून मागणी नेमकी हवी. पगार मर्यादा वाढवा, दवाखान्यांत डॉक्टर आणि औषधे द्या, कंत्राटदाराने वर्गणी बुडवली तर मूळ मालकाकडून वसूल करा. ती जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर आहेच.

आणि मागणीसोबत काम हवे. रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढून वस्तीतल्या कामगारांच्या पगारपावत्या तपासता येतील. ईएसआयची कपात दिसते का? विमा क्रमांक आहे का? त्यावर वर्गणी जमा होते का? कुटुंबाची नावे चढली आहेत का? मोबाइल वापरणाऱ्या कोणत्याही तरुणाला हे जमेल. जिथे कपात आहे आणि भरणा नाही, तिथे पावत्या जोडून ईएसआय कार्यालयात लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. एकटा कामगार नोकरीच्या भीतीने गप्प बसतो, दहा जणांची सही असलेला अर्ज सहज बाजूला टाकता येत नाही.

जय भीम!