यरीहोचा तट आणि एक ब्लँकेट

आमच्या परिचयाच्या एका धर्मग्रामात विवाहपूर्व शिबिरातील तरुण-तरुणींना एक जुना अमेरिकन चित्रपट दाखवावा, अशी सूचना मध्यंतरी पुढे आली आणि तेथल्या तेथे फेटाळली गेली. चित्रपट होता लिओ मॅक्कॅरी यांचा 'दि ऑफुल ट्रूथ' (१९३७). त्यात घटस्फोट आहे आणि त्यावर प्रेक्षक हसतात, एवढे कारण पुरेसे ठरले. नकार देणाऱ्यांपैकी एकानेही तो पाहिलेला नव्हता. लग्नसंस्काराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांनी पाहावा असा याहून योग्य चित्रपट आम्हांला तरी ठाऊक नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

हॉलिवुडमध्ये १९३४पासून पुढची सात-आठ वर्षे या जातीच्या विनोदी प्रेमकथांना बहर आला होता. 'स्क्रूबॉल' हे त्यांचे नाव बेसबॉलमधून आले. अपेक्षेच्या उलट दिशेला वळणारा तो चेंडू. आपल्या क्रिकेटमधल्या गुगलीचा भाऊबंद म्हणा. महामंदीचे दिवस होते. पडद्यावर एक हट्टी पुरुष आणि त्याला शब्दाला शब्द देणारी, किंबहुना दोन शब्द अधिकच देणारी स्त्री यांची जुगलबंदी चाले आणि अर्धपोटी प्रेक्षक मनमुराद हसत.

'दि ऑफुल ट्रूथ'मधला नवरा फ्लॉरिडाला गेल्याची थाप मारतो आणि बायकोसाठी तिथली म्हणून संत्री आणतो. संत्र्यावर शिक्का असतो कॅलिफोर्नियाचा! बायकोही रात्रभर गाण्याच्या मास्तरांबरोबर बाहेर अडकलेली. म्हणे, मोटार बिघडली. दोघांचाही एकमेकांवर विश्वास उरत नाही. प्रकरण न्यायालयात जाते, कुत्रा कोणाकडे राहणार यावरही वाद होतो. निकाल नव्वद दिवसांनी अमलात यायचा असतो. त्या नव्वद दिवसांत दोघेही दुसरे जोडीदार शोधू पाहतात आणि दोघांनाही उमगते, की ज्याच्याबरोबर आपण हसू शकतो असे माणूस जगात एकच आहे. अखेरच्या रात्री डोंगरातल्या घरात, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत ती दोघे जागी आहेत. मधले दार नीट लागत नाही. घड्याळ बाराकडे सरकते आहे. चित्रपट कोणाच्या बाजूने आहे, हे आणखी किती स्पष्ट करून सांगायचे? कायद्याने तोडलेले नाते तुटत नाही, हाच तर त्यातला सारा विनोद!

हे योगायोगाने घडले नाही. मॅक्कॅरी कॅथलिक होते. नायिका आयरीन डन याही निष्ठावंत कॅथलिक. पुढे १९४९ साली नोत्र दाम विद्यापीठाने त्यांना लेतारे पदक दिले. या चित्रपटासाठी मॅक्कॅरींना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले, तेव्हा ते व्यासपीठावरून म्हणाले की, आपल्याला पारितोषिक चुकीच्या चित्रपटासाठी दिले गेले. त्यांना अभिप्रेत होता त्याच वर्षीचा 'मेक वे फॉर टुमारो'. मुलांनी वाटून घेतल्यामुळे म्हातारपणी ताटातूट झालेल्या आईवडिलांची ती कथा आहे. लग्नाची चेष्टा करणारा माणूस असले चित्रपट काढील काय?

आमचे काही वडीलधारे यावर म्हणतात, "त्या चित्रपटांत जे सभ्य आहे, ते ख्रिस्तसभेच्या धाकामुळे आले." यात तथ्य आहे, पण अर्धेच. हॉलिवुडची १९३०ची आचारसंहिता जेझुइट फादर डॅनियल लॉर्ड यांच्या लेखणीतून उतरली, हे खरे. परंतु तिची कडक अंमलबजावणी जोसेफ ब्रीन यांच्या हाताखाली सुरू झाली ती १९३४च्या जुलैत. फ्रँक कॅप्रा यांचा 'इट हॅपन्ड वन नाइट' मात्र त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत झळकला होता. (आपल्याकडच्या 'चोरी चोरी'चे मूळ तेच.) त्यात घरातून पळालेली श्रीमंताची मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार यांना रात्रीपुरते एका खोलीत राहावे लागते. तो दोन खाटांमध्ये दोरी बांधून ब्लँकेट टांगतो आणि त्याला नाव देतो 'यरीहोचा तट'. तिचे आधीचे घाईतले लग्न कायद्याने रद्द ठरेपर्यंत तो तट उभा राहतो. मग खेळण्यातली तुतारी वाजते आणि यहोशवाच्या पुस्तकातल्याप्रमाणे तो कोसळतो. ते ब्लँकेट ब्रीन यांनी टांगले नव्हते.

उलट, धाकाने काय साधले तेही पाहू. ग्रेटा गार्बो यांच्या 'टू-फेस्ड वुमन'मध्ये (१९४१) पत्नी स्वतःचीच जुळी बहीण बनून येते आणि नवरा त्या 'मेहुणी'वर लुब्ध होतो. अमेरिकेतील कॅथलिकांच्या लीजन ऑफ डिसेन्सीने तो निषिद्ध ठरवला. तेव्हा कंपनीने एक दृश्य घुसडले: नवऱ्याला टेलिफोनवरून खरा प्रकार आधीच कळतो! म्हणजे मोह नाही, परीक्षा नाही, पश्चात्तापही नाही. पाप गाळताना क्षमाही गाळली गेली. लीजनचा हेतू शुद्ध होता, याविषयी आम्हांला शंका नाही; हसणाऱ्यांवर विश्वास ठेवणे मात्र तिला जमले नाही.

या चित्रपटांचे सारेच आम्ही डोक्यावर घेत नाही. घरे बहुधा श्रीमंतांची, मुलेबाळे जवळपास नाहीतच. 'द फिलाडेल्फिया स्टोरी'च्या (१९४०) आरंभीच नवरा बायकोच्या तोंडावर हात ठेवून तिला खाली लोटतो आणि आपण त्यावर हसावे अशी अपेक्षा असते. आम्हांला हसू येत नाही. शिबिरात त्यावर बोलायला हवे, लपवायला नको.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या 'आमोरिस लेतीत्सिया'मध्ये दांपत्यातील संवादावर स्वतंत्रपणे लिहिले, आणि त्याच पत्रात 'बाबेत्स फीस्ट' या चित्रपटाचा दाखला दिला. पोपमहोदयांना जे वर्ज्य वाटले नाही, ते आमच्या समित्यांना वाटते! आमच्या शिबिरांतून संस्कार, आरोग्य, घरखर्च यांवर व्याख्याने होतात, ती हवीतच. परंतु पहाटेची लोकल गाठणारा नवरा आणि त्याच्या मागोमाग कामाला निघणारी बायको रात्री नऊला जेवायला बसली, की एकमेकांशी काय बोलणार, याविषयी तेथे कोणी अवाक्षर काढत नाही. बोलणे आटलेली घरे आमच्या आळीत किती आहेत, हे फादरांना विचारावे लागत नाही. शेजाऱ्यांना ठाऊक असते.

चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे. नकार देणाऱ्यांनी निदान एकदा तो पाहावा, पत्नीला शेजारी बसवून. आणि तिला नेमके कुठे हसू येते, तेही पाहावे.