घर एका राज्यात, कर दुसऱ्या राज्याला

सावंतवाडी-बांद्याकडची कितीतरी मुले रोज गोव्यात नोकरीला जातात आणि संध्याकाळी सीमा ओलांडून घरी परततात. पण प्राप्तिकर भरताना 'राहता कुठे आणि राबता कुठे' असे त्यांना कुणी विचारत नाही. आपल्याकडे पगारावरचा प्राप्तिकर केंद्राचा. राज्यांच्या हाती राहतो तो व्यवसाय कर, आणि त्यालाही घटनेने वर्षाला २५०० रुपयांची वेसण घातली आहे.

अमेरिकेत प्रकरण इतके सोपे नाही. माझी पुतणी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि नोकरीला हडसन नदीपलीकडे मॅनहॅटनला जाते. केंद्राचा कर निराळाच, वर ही दोन्ही राज्ये आपापला प्राप्तिकर लावतात. ती न्यू यॉर्कला अनिवासी म्हणून विवरणपत्र भरते आणि न्यू जर्सीला रहिवासी म्हणून. न्यू यॉर्कला दिलेला कर न्यू जर्सी वळता करून घेते, म्हणून निभावते. पेनसिल्व्हेनियाशी न्यू जर्सीचा करार आहे, की पगारावर राहत्या राज्यानेच कर घ्यावा. न्यू यॉर्कशी तसा करार नाही. (थोरल्या घराला शेजाऱ्याशी करार करण्याची गरज कधी भासते?)

इथवर माझी तक्रार नाही. ज्या शहराचे रस्ते आणि भुयारी गाड्या वापरायच्या, त्याला काही द्यावे हे रास्तच. खटकते ते पुढचे. मालक न्यू यॉर्कचा असेल आणि नोकर स्वतःच्या सोयीसाठी घरी बसून काम करत असेल, तर तो घरातला दिवसही न्यू यॉर्क आपलाच धरते! कनेक्टिकटमध्ये राहणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की याविरुद्ध भांडले आणि २००३ साली न्यू यॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयात हरले. घरच्या दिवसांच्या पगारावर त्यांना दोन्ही राज्यांचा कर बसला होता.

तेव्हा हा एखाद्या प्राध्यापकाचा हट्ट वाटला असेल. कोरोनानंतर तो घरोघरचा प्रश्न झाला. न्यू हॅम्पशायरने असल्याच कारणावरून मॅसॅच्युसेट्सला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खेचले, तर २०२१ साली न्यायालयाने दावा ऐकायलाच नकार दिला. न्यू जर्सीने २०२३ साली जशास तसा कायदा केला.

हा वाद नुसता आकड्यांचा नाही. न्यू जर्सीचा प्राप्तिकर १९७६ सालचा. त्याचे उत्पन्न घरपट्टीचा भार हलका करण्यासाठी राखून ठेवलेले आहे आणि त्यातून शाळांना मदत जाते. पुतणी एडिसनच्या घरात बसून काम करते त्या दिवशी नदीपलीकडचे काहीच वापरत नाही. तिची मुले मात्र एडिसनच्याच शाळेत असतात. मॅनहॅटनला गेलेल्या दिवसांचा कर न्यू यॉर्कने खुशाल घ्यावा. घरच्या दिवसांचा कर न्यू जर्सीचा आहे आणि तो तिथेच राहायला हवा.