मरताना बरोबरी, जगताना नाही

दहशतवाद आणि स्त्री हे दोन शब्द एकत्र आले की वर्तमानपत्रे बुरख्याचे चित्र छापतात. आम्ही रागावतो, आणि ते रास्तच आहे. पण रागाच्या भरात पुढचे वाचत नाही, ही आमची चूक.

मिया ब्लूम या अभ्यासक बाईंनी २०११ साली 'बॉम्बशेल' हे पुस्तक लिहिले. त्यात चेचेन, पॅलेस्टिनी, इंडोनेशियन स्त्रिया आहेत. तशाच आयर्लंडच्या कॅथलिक आणि श्रीलंकेच्या तमिळ स्त्रियाही आहेत. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचा बळी घेणारी धनू कोणत्या मदरशात शिकली होती? झारच्या हत्येसाठी १८८१ साली फासावर गेलेली सोफिया पेरोव्स्काया कोणता बुरखा घालत होती?

ब्लूमबाई कारणे सांगतात ती अशी: सूड, डाग धुऊन काढण्याची धडपड, नातेसंबंध, मान मिळवण्याची भूक आणि बलात्कार. यादीत धर्माचे नाव नाही. म्हणून आम्ही सुटलो का? यादी पुन्हा वाचा. डाग लावतो कोण? अत्याचार झालेल्या मुलीला कलंकित ठरवणारा बंदूकवाला नसतो. ते काम घर, मोहल्ला आणि जमात आधीच करून ठेवते. बंदूकवाला फक्त तयार पीक कापून नेतो.

हमासचे शेख अहमद यासीन २००२ साली स्त्रियांना या कामात आणण्याच्या विरोधात होते. जानेवारी २००४ मध्ये त्याच संघटनेने दोन मुलांची आई असलेल्या रीम रियाशीला मरायला पाठवले. गरज पडली तेव्हा बाईला बरोबरी मिळाली, पण मरणात!

ब्लूमबाईंशी आमचे एक भांडण आहेच. पुरुषाने बॉम्ब टाकला की त्याचे राजकारण विचारायचे आणि बाईने टाकला की तिचे दुःख, हा कोणता न्याय? पेरोव्स्काया विचार करूनच उभी राहिली होती. निरपराधांचे रक्त सांडणारी बाई पुरुषाइतकीच गुन्हेगार आहे. तिला बिचारी म्हणणे हाही तिला अक्कल नाही असे म्हणण्याचाच प्रकार.

पण हे भांडण पुढे करून आम्हाला आपले अंगण झाकता येणार नाही. पीडित मुलीला तोंड लपवायला लावू नका. शिकलेल्या मुलीचा शब्द घरात चालू द्या. जमातीच्या बैठकीत तिला बसायला जागा द्या. जिला जगताना मान मिळतो, तिला तो मरणात शोधावा लागत नाही. बुरख्याच्या त्या चित्रावर मग आम्ही खुशाल रागावू.