ओशिनचे अश्रू आणि ओशिनचा हिशेब

जपानी दूरचित्रवाणी मालिका परदेशी प्रेक्षकांना का भावतात, या प्रश्नाला ‘संयम’, ‘सोशिकपणा’, ‘साधेपणा’ अशी ठरावीक उत्तरे मिळतात. ही उत्तरे आम्हांस आळशी वाटतात. ती देणाऱ्यांनी संहिता वाचलेली नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘ओशिन’चेच पाहावे. हाशिदा सुगाको यांनी लिहिलेली ही मालिका एनएचकेवर एप्रिल १९८३ ते मार्च १९८४ या काळात, रोज सकाळी पंधरा मिनिटे, अशी २९७ भागांत प्रसारित झाली आणि पुढे साठाहून अधिक देशांत पोहोचली. यामागाता प्रांतातील गरीब कुळाची सात वर्षांची मुलगी एका पोते तांदळाच्या मोबदल्यात चाकरीला पाठवली जाते. बर्फातून नदीमार्गे निघालेला तो तराफा आणि काठावरचा बाप हे दृश्य जगभर लक्षात राहिले. साहजिकच ‘ओशिन’ म्हणजे सहनशीलतेची पोथी, असा समज दृढ झाला.

परंतु हाशिदांनी कथेला एक चौकट दिली आहे, तिचे काय? मालिकेचा आरंभ १९८३ मध्येच होतो. कुटुंबाच्या नव्या सुपरमार्केटच्या उद्घाटनाचा दिवस आहे आणि ज्या वृद्धेच्या कष्टांवर हे वैभव उभे राहिले, ती घर सोडून निघून गेली आहे. जे कमावले त्यात काय गमावले, याचा हिशेब मांडायला ती निघाली आहे. कथेत पुढे शुन्साकु नावाचा सैन्यातून पळालेला तरुण भेटतो. तो लहानग्या ओशिनला अक्षरे शिकवतो, योसानो अकिको यांची युद्धविरोधी कविता तिच्या हाती देतो आणि सैनिकांच्या गोळीला बळी पडतो. मोठा मुलगा युद्धात जातो. लष्कराशी सहकार्य केलेला नवरा १९४५ च्या पराभवानंतर आत्महत्या करतो. ही सोसण्याची स्तुती खचितच नव्हे; समृद्ध जपानला विचारलेला तो अवघड प्रश्न आहे.

इराणमध्ये ही मालिका युद्धाच्या वर्षांत पोहोचली. ओशिनच्या सासरच्या ‘तानोकुरा’ या आडनावावरून तेथे जुन्या कपड्यांच्या बाजाराला ‘तानाकुरा’ म्हणू लागले. जानेवारी १९८९ मध्ये रेडिओवरील एका कार्यक्रमात एका स्त्रीने आदर्श म्हणून प्रेषितकन्येऐवजी ओशिनचे नाव घेतले, तेव्हा खोमेनी संतापले. संबंधित अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या, मग माफीही मिळाली. केवळ सोशिक नायिकेचे भय सत्तेला वाटले असते काय? त्या अनाम स्त्रीने ओशिनला आमच्या कित्येक समीक्षकांपेक्षा अधिक नीट वाचले होते, असे आम्हांस वाटते.

मुख्य मुद्दा लेखकाचा आहे. जपानमध्ये मालिका पटकथाकाराच्या नावाने ओळखली जाते. मुकोदा कुनिको यांनी दूरचित्रवाणीसाठी लिहीत असतानाच कथा लिहिल्या आणि १९८० मध्ये नाओकी पारितोषिक मिळवले. त्यांची १९७९ ची ‘आशुरा नो गोतोकु’ ही मालिका कोरे-एदा हिरोकाझु यांनी २०२५ मध्ये नव्याने केली. साकामोतो युजी यांची २०१० ची ‘मदर’ ही अकरा भागांची मालिका २०१६ मध्ये तुर्कीत ‘आन्ने’ या नावाने उभी राहिली. छळ होणाऱ्या विद्यार्थिनीला घेऊन पळून जाणारी शिक्षिका तुर्की घरांत, तुर्की रीतींत तितकीच अस्वस्थ करते. मग आकर्षण ‘जपानीपणा’चे होते, हे कसे म्हणावे? रचना टिकली, कारण लिहिणाऱ्याला शेवट कोठे आहे हे ठाऊक होते. (प्रेक्षकसंख्या पाहून सासूचा पुनर्जन्म घडवणाऱ्या आमच्या दैनंदिन मालिकांविषयी येथे न बोललेलेच बरे.)

साहित्याच्या वर्गात नाटकाची संहिता चालते, चित्रपटाची अधूनमधून चालते. मालिकेची मात्र आणण्यास संकोच वाटतो. आम्ही आणली, तर तराफ्याचा भाग नव्हे, पहिला भाग आणू: दुकान सजलेले, पाहुणे यायचे आहेत आणि म्हातारी घरात नाही.