एचपी कशाला मोजता, लिटर मोजा!

परभणी जिल्ह्यात 'ट्रॅक्टर किती एचपीचा?' हा प्रश्न 'पोराला पॅकेज किती?' याच सुरात विचारला जातो. उत्तरही तितक्याच अभिमानानं किंवा ओशाळून दिलं जातं. मंडळी, या दोन्ही आकड्यांवरून घरातली खरी परिस्थिती कधीच कळत नाही.

मुद्दा असा. घरी 25 एचपीच्या आसपासचा जुना ट्रॅक्टर आहे. स्वराज 724 म्हणा, एचएमटी 2511 म्हणा. त्याला हायड्रॉलिक ट्रॉली किंवा लोडर जोडायचा विषय निघाला, की पारावरचे तज्ज्ञ आणि शोरूममधला सेल्समन एका सुरात सांगतात, "याच्यात दम नाही, पन्नासचा घ्या." मग हिंजवडीत बसलेल्या पोराला फोन जातो, आणि पोरगा काहीही न विचारता हप्ता भरायला तयार होतो. हा सल्ला बहुतेक वेळा साफ चुकीचा असतो, असं माझं म्हणणं आहे. आणि ते भावनेवर नाही, साध्या गणितावर उभं आहे.

हायड्रॉलिकमध्ये जोर येतो दाबातून आणि वेग येतो ऑईलच्या प्रवाहातून. दाब बारमध्ये घ्या, प्रवाह मिनिटाला किती लिटर तो घ्या, गुणाकार करून 600 नं भागा. किलोवॅट मिळतात. पंप 150 बारला मिनिटाला 15 लिटर देत असेल, तर झाले 3.75 किलोवॅट, म्हणजे जेमतेम 5 एचपी. 25 एचपीच्या इंजिनाला हे जड? बाकीचे घोडे नुसते उभे असतात हो! अडचण इंजिनाची नाहीच, पंपाची आहे. सर्व्हर रिकामा आणि नेटची लाईन बारीक, असला प्रकार. लाईन बारीक म्हणून कुणी नवा सर्व्हर घेतो का? (काही मॅनेजर घेतात. असो.)

ट्रॉलीचंच बघा. 10 सेंटिमीटर व्यासाच्या जॅकमध्ये 150 बारचा दाब म्हणजे सुमारे 12 टनांचा रेटा. ट्रॅक्टर 25 चा असो की 50 चा, रेटा तोच. फरक पडतो वेळेत. जॅक पूर्ण वर जायला 12 लिटर ऑईल लागतं असं धरा. 15 लिटरच्या पंपाला 48 सेकंद, 30 लिटरच्या पंपाला 24. म्हणजे खेपेमागे 24 सेकंद वाचवायला सात-आठ लाखांचा ट्रॅक्टर!

जुन्या ट्रॅक्टरची खरी दुखणी वेगळी आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचं आणि गिअरचं ऑईल एकच असतं. जॅकनं 12 लिटर ओढून घेतलं की आतली पातळी उतरते. त्यात ट्रॉली दुसऱ्याची असेल, तर तिच्यातलं घाण ऑईल आपल्या गिअरमध्ये येतं. आणि दाब वाढावा म्हणून रिलीफ व्हॉल्व्हमध्ये वॉशर ठोकणारे मेकॅनिक तर गावोगाव आहेत. तो व्हॉल्व्ह फ्यूज आहे राव, त्याच्याशी खेळू नका.

यावर उपाय आहे: पीटीओवर चालणारा वेगळा पंप. पीटीओ 540 फेऱ्यांचा, मध्ये तिप्पट वेगाचा गिअरबॉक्स, म्हणजे 1620. फेरीला 20 सीसीचा पंप लावला तर मिनिटाला साधारण 32 लिटर. 150 बारला 11 एचपी, गळती-घर्षण धरून 13-14. धडधाकट 25 च्या इंजिनाला हे झेपतं. स्वतंत्र टाकी, फिल्टर आणि रिलीफ व्हॉल्व्ह मात्र हवेतच. टाकी प्रवाहाच्या दोन-तीनपट ठेवा, कारण परभणीच्या मे महिन्यात ऑईल तापून पातळ व्हायला वेळ लागत नाही. हे सगळं नव्या ट्रॅक्टरच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात होतं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. पलटी नांगराचं काय? इथेच सगळे गल्लत करतात. त्याचा सिलिंडर फक्त बांधाशी आल्यावर नांगर उलटवतो, त्याला फार ताकद लागत नाही. ताकद लागते ओढायला. पाथरी-मानवतच्या कालव्याखालच्या खोल काळ्या रानात दोन फाळांचा पलटी नांगर छोट्या ट्रॅक्टरला ओढवणार नाही, उलट मागच्या वजनानं पुढची चाकं उचलतील. तिथे मोठाच ट्रॅक्टर हवा. पण नांगरट वर्षातून कितीदा? 2015-16 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर होती, म्हणजे साडेतीन एकरही नाही. तेवढ्यासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्यानं लावा ना! ज्याचा भाड्याचाच धंदा आहे, त्यानं खुशाल 50 चा घ्यावा. बाकीच्यांनी दोन दिवसांच्या कामासाठी पाच-सात वर्षांचे हप्ते का फेडायचे?

सरकारचंही तेच. कृषी यांत्रिकीकरणाचं केंद्राचं उपअभियान 2014-15 ला सुरू झालं, पण भर नव्या खरेदीवर. असलेलं यंत्र पूर्ण क्षमतेनं वापरायला शिकवणं कुणाला फोटोजेनिक वाटत नाही. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. त्यांनी तालुक्या-तालुक्यात पंप तपासणीचे कॅम्प घेतले तर कितीतरी कर्जं वाचतील. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचीही चाचणी होते, शोरूममध्ये तो रिपोर्ट मागून तर बघा.

आणि आपण, महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवणारे? ऑफिसात दोन हजारांचा हार्ड डिस्क घेताना दहा रिव्ह्यू वाचतो, आणि बापाच्या सातबाऱ्यावर बोजा चढताना एक आकडाही विचारत नाही. पुढचा फोन आला की एवढंच विचारा: "पंप मिनिटाला किती लिटर देतो? आणि गेज लावून, ओझ्याखाली मोजलंय का?" ओझ्याखाली म्हणजे ओझ्याखालीच. झिजलेला पंप मोकळ्या बादलीत छान ओततो आणि ट्रॉली भरली की मान टाकतो.

तो आकडा येईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका.