गुडघ्याचं ऑपरेशन, मांडीची परीक्षा

शुक्रवारी रात्री साडेदहाची वेळ. दिवसभर मॉनिटरसमोर बसलेली आठ-दहा मंडळी टर्फवर उतरतात. वॉर्म-अप? छे, वेळ कुणाला आहे, टर्फचे पैसे तासावर असतात! विसाव्या मिनिटाला कुणीतरी बॉलमागे पळता पळता अचानक वळतो. बूट जागच्या जागी रुततो, शरीर वळतं आणि मधल्यामध्ये गुडघा अडकतो. 'टक्' असा आवाज येतो. गंमत म्हणजे धक्का कुणीच दिलेला नसतो. दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजतो आणि आठवड्याभरात एमआरआयचा रिपोर्ट हातात पडतो. त्यात तीन अक्षरं असतात... एसीएल.

हे वाचताना ज्यांचा हात नकळत गुडघ्याकडे गेला, त्यांच्यासाठी आजचा कॉलम. ज्यांचा गेला नाही त्यांनीही वाचा. बॉक्स क्रिकेट, ट्रेकमधली घसरगुंडी, पावसाळ्यातली बाइक... नंबर कधी लागेल, सांगता येत नाही बॉस!

एसीएल म्हणजे अँटेरिअर क्रुशिएट लिगामेंट. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा एक छोटासा चिवट दोर. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा भलतीकडे वळू नये, हे त्याचं काम. तो तुटला की पळताना, वळताना गुडघा 'सटकतो'. सर्जन दुर्बिणीतून ऑपरेशन करतात. तुमच्याच मांडीच्या मागच्या बाजूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायूबंध घेऊन त्याचा नवा दोर बसवतात. यालाच म्हणायचं ग्राफ्ट.

मग सगळं घर ऑपरेशनच्या मागे लागतं. कुठला सर्जन, कुठलं हॉस्पिटल, स्क्रू कुठला, कॅशलेस होणार का? एक-दोन दिवसांत पेशंट कुबड्या घेऊन घरी येतो, भेटायला आलेल्यांना टाके दाखवतो आणि सगळे म्हणतात, 'चला, सुटलास एकदाचा!'

खरी मॅच तिथून पुढे सुरू होते. आणि ती गुडघ्याची नसते, मांडीची असते.

ऑपरेशन करायलाच हवं का?

ज्यांची तारीख अजून ठरलेली नाही, त्यांच्यासाठी एक माहिती. स्वीडनमध्ये १२१ तरुण, अ‍ॅक्टिव्ह पेशंटवर एक अभ्यास झाला आणि २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन करून मग व्यायाम. बाकीच्यांना आधी फक्त शिस्तीत व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच बरे होते. व्यायामवाल्या ५९ जणांपैकी २३ जणांना तोवर ऑपरेशन करून घ्यावं लागलं. पाच वर्षांनी हा आकडा साधारण निम्म्यावर गेला. म्हणजे ऑपरेशन फालतू असतं असं नाही. गुडघा वारंवार सटकत असेल, गादी म्हणजे मेनिस्कसही फाटली असेल किंवा कबड्डी-फुटबॉलसारख्या वळणावळणाच्या खेळात परतायचं असेल, तर सर्जन ऑपरेशन सुचवतात आणि त्याला कारण असतं. पण दोन्ही गटांत एक गोष्ट कॉमन होती... व्यायाम. त्यातून सुटका कुणालाच नव्हती!

मांडी झोपते कशी?

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी फिजिओ सांगतात, 'मांडी आवळा.' तुम्ही जिवाच्या आकांताने आवळता आणि काहीही होत नाही. मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे! घाबरू नका, तुम्ही आळशी नाही. गुडघ्यात सूज असली की सांध्याकडून मज्जारज्जूला निरोप जातो आणि मज्जारज्जू या स्नायूचा करंटच कमी करतो. १९८४ साली संशोधकांनी धडधाकट माणसांच्या गुडघ्यात सलाइन सोडून हे तपासलं होतं. २० ते ३० मिलिलिटर पाणी गेल्यावरच मांडीचा आतल्या बाजूचा भाग मंदावू लागला. चहाच्या चमच्याने मोजलं तर जेमतेम चार-सहा चमचे!

म्हणूनच सुरुवातीचे दिवस बर्फ, पाय उंचावर ठेवणं आणि मांडी आवळण्याचा तो बोअरिंग व्यायाम, यांचे असतात. गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी, ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दिवसातून कितीतरी वेळा. काही ठिकाणी फिजिओ मशिनचा सौम्य करंट देऊनही स्नायूला जागं करतात. हे टाळलं तर महिन्याभरात मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. खोटं वाटत असेल तर शिंप्याची टेप आणा आणि वाटीच्या वर दहा-पंधरा सेंटिमीटरवर दोन्ही मांड्या मोजा.

उशी कुठे ठेवायची?

मराठी घरातलं प्रेम ऑपरेशनवाल्या पायाच्या बाबतीत जरा धोकादायक असतं. आई गुडघ्याखाली मऊ उशी सरकवते. आत्या म्हणते, 'पाय हलवू नकोस रे बाबा.' शेजारचे काका मालीशवाल्याचा नंबर देतात.

उशी गुडघ्याखाली घेऊन झोपलं की बरं वाटतं, खरंय. पण गुडघा थोडा वाकलेलाच राहतो आणि तसाच आखडत जातो. ऑपरेशननंतर सगळ्यात आधी काय परत मिळवायचं, तर पाय पूर्ण सरळ होणं. शेवटचे चार-पाच अंश राहून गेले तर माणूस लंगडत चालतो, मांडीला पूर्ण काम मिळत नाही आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. तेव्हा जागेपणी उशी टाचेखाली घ्यायची, गुडघा अधांतरी ठेवायचा आणि तो आपल्या वजनाने खाली जाऊ द्यायचा. मालीशने छान वाटत असेल, पण मालीशने स्नायू वाढत नाही. आणि ताज्या ऑपरेशनवर कुणाचाही जोरदार हात नको म्हणजे नकोच.

वाकणं हळूहळू येतं. आधी खुर्चीत बसण्यापुरतं, म्हणजे ९० अंश. मग स्थिर सायकल मारता येते, तेव्हा पार्टी द्यायला हरकत नाही! उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास आणि पंगतीत मांडी घालून बसणं मात्र सगळ्यात शेवटी. ते कधी, हे सर्जनलाच विचारा, कारण सोबत मेनिस्कस शिवलेली असेल तर नियम आणखी कडक असतात. गणपतीत आरतीला उभं राहा, जेवायला खुर्ची मागा. लाजायचं काय त्यात?

तिसऱ्या महिन्याचा ट्रॅप

आता मुद्द्याची गोष्ट. गडबड होते ती बहुतेक वेळा पहिल्या महिन्यात नाही. तेव्हा दुखत असतं, माणूस घाबरलेला असतो, सगळं ऐकतो. गडबड होते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. दुखणं थांबलेलं असतं, सूज गेलेली असते, जिने चढता येतात, लोकलमध्ये उभं राहता येतं. रजा संपलेली, प्रोजेक्टची डेडलाइन डोक्यावर. फिजिओची अपॉइंटमेंट आधी आठवड्यातून तीनदा, मग एकदा, मग 'पुढच्या आठवड्यात नक्की'.

त्यात खिशाचा प्रश्न. मेडिक्लेम ऑपरेशनचं बिल भरतो. पण डिस्चार्जनंतरचा खर्च बऱ्याच पॉलिसींमध्ये ठराविक दिवसांपुरताच मिळतो, तोही अटींसकट. पुढचं फिजिओचं बिल स्वतःचं स्वतः. मग मनातलं गणित असं होतं... दुखत तर नाहीये, मग कशाला?

आत काय चाललेलं असतं ते पाहा. नवा ग्राफ्ट बसवल्या बसवल्या लिगामेंट होत नाही. आधी त्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग शरीर तो दोर नव्याने विणायला घेतं. या काळात तो बसवला तेव्हापेक्षाही कमजोर असू शकतो. विणकाम पूर्ण व्हायला एक वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. म्हणजे तुम्हाला एकदम झकास वाटतं, त्याच सुमारास तुमचा ग्राफ्ट सगळ्यात नाजूक असू शकतो. आणि त्याला सांभाळून घेणारी मांडी अजून अर्धी झोपेत!

आणखी एक फंडा. चौथ्या महिन्यातही काही जण पहिल्या महिन्यातलाच टॉवेलचा व्यायाम करत असतात, अगदी मनापासून. पण स्नायूला वाढायला वाढतं ओझं लागतं. आधी दोन्ही पायांवर अर्धं बसून उठणं, मग लेग प्रेस, पायरीवर चढ-उतार, मग एका पायावरचे व्यायाम, मग वजन घेऊन. हे आठवड्यातून दोन-तीनदा, आणि शेवटचे दोन रेप्स घाम काढतील इतकं जड. कधी किती वाढवायचं ते फिजिओ ठरवतील. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर कालचा डोस जास्त झाला, एवढं साधं मीटर आहे. आणि फी परवडत नसेल तर फिजिओला तसं सरळ सांगा. महिन्यातून एकदा तपासणी आणि पुढचा प्लॅन, बाकी व्यायाम घरी किंवा सोसायटीच्या जिममध्ये, अशी मांडणी करता येते. गायब होण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

कॅलेंडर नको, लंगडी घाला!

'डॉक्टर, मी खेळू कधी?' याचं उत्तर आपल्याला तारखेत हवं असतं. पण नुसत्या तारखेला अर्थ नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी १०६ पेशंटवर दोन वर्षं नजर ठेवली. २०१६ मध्ये निष्कर्ष आले ते असे: नवव्या महिन्यापर्यंत मैदानात उतरणं जितके महिने पुढे ढकललं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी. ताकदीच्या आणि उड्यांच्या टेस्ट पास न होता खेळात परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के जणांचा गुडघा पुन्हा दुखावला. पास होऊन परतलेल्यांमध्ये फक्त ५.६ टक्के. फरक बघा!

आणि या टेस्ट कसल्या? एका पायावर एक लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या इकडे-तिकडे उड्या आणि सहा मीटर अंतर घड्याळ लावून. आपली शाळेतली लंगडीच की! ऑपरेशनवाला पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के निघाला पाहिजे, उड्यांमध्येही आणि मांडीच्या ताकदीतही. यातही एक मेख आहे. सहा महिने बसून 'चांगला' पायही कमजोर झालेला असतो. तेव्हा व्यायाम दोन्ही पायांचा. आणि हो, ही लंगडी फिजिओसमोर घालायची, घरच्या टाइल्सवर नाही.

पण स्मृतीने तर...

हा डायलॉग हमखास येतो. सांगलीच्या स्मृती मानधनाचा एसीएल जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅशमध्ये खेळताना गेला. २४ जूनला तिने वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्ध ९० रन्स ठोकल्या आणि पाच दिवसांनी वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६! सॉलिडच. पण तिचा दिवस गुडघ्याभोवती फिरत होता, आपला दिवस मीटिंगभोवती फिरतो. शिवाय ओपनिंग बॅटिंग आणि फुटबॉलमधलं वळण यांत फरक आहे.

दुसरं उदाहरणही लक्षात ठेवा. लिव्हरपूलचा व्हर्जिल व्हॅन डाइक १७ ऑक्टोबर २०२० ला जखमी झाला. पुढच्या उन्हाळ्यात युरो स्पर्धा होती आणि तो नेदरलँड्सचा कॅप्टन. तरीही त्याने 'नाही जमणार' म्हणून सांगून टाकलं आणि लीगमध्ये परतला तो थेट ऑगस्ट २०२१ मध्ये. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा. तो मैदानात दिसला २३ मार्च २०२४ ला. दिमतीला फिजिओंची फौज असणारी माणसं दहा-पंधरा महिने थांबतात आणि आपल्याला ऑफिस टूर्नामेंटची घाई!

भीतीचंही बोलू या. गुडघा टेस्ट पास होतो, पण वळताना मन कचरतं. हे नॉर्मल आहे. त्यासाठी प्रश्नावल्या आहेत आणि चांगले फिजिओ त्या वापरतात. आधी एकट्याने सराव, मग मित्रांबरोबर हलका गेम, मग मॅच. आणि कुणाला टर्फवर परतायचंच नसेल, तर तोही निर्णय शंभर टक्के ओके. व्यायाम मात्र त्यालाही सुटत नाही. एकदा दुखावलेल्या गुडघ्याला पुढे संधिवाताचा धोका जास्त असतो आणि मजबूत मांडी ही त्याची सगळ्यात भरवशाची सोबत आहे.

सर्जन आपलं काम तास-दोन तासांत करून मोकळे होतात. मांडी कमवायला वर्ष लागतं आणि ती कमवून द्यायला कुठलाच स्पेशालिस्ट मिळत नाही. तेव्हा पुढची अपॉइंटमेंट आजच घ्या!

फ्रिजवर चिकटवा

• उशी टाचेखाली, गुडघ्याखाली नाही.
• जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनवाला आधी.
• दर महिन्याला दोन्ही मांड्यांचं माप, तारखेसकट.
• 'दुखत नाही' म्हणजे 'झालं' नाही. तिसऱ्या महिन्यानंतरचे व्यायाम सगळ्यात महत्त्वाचे.
• ताटात रोज डाळ, उसळ, अंडी, पनीर, मासे. स्नायू हवेवर वाढत नाहीत.
• खेळायला परतणं नऊ महिन्यांआधी नाही आणि टेस्ट पास झाल्याशिवाय तर नाहीच.
• पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं किंवा दम लागला, तर थेट हॉस्पिटल.